दातृत्व आणि दायित्व : कंपनी-कारभाराच्या इतिहासातील काही पाने

गेल्या वर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरवसमारंभ आटोपल्यावर आपल्या ज्ञातीतील तीन विद्यार्थी, दोन मुली व एक मुलगा, आम्हांस भेटावयास आले. तिघेही वाणिज्य व व्यवस्थापन ह्या शाखांचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहेत. कंपन्यांचा कारभार व उद्योगधंद्यांची सामाजिक जबाबदारी असा एक स्वतंत्र विषय त्यांस अभ्यासावा लागतो, आणि त्यावर मराठीत काही वाचावयास मिळेल काय, अशी त्यांची पृच्छा होती. त्यांची पुस्तके आम्ही चाळून पाहिली. त्यांत विषयाचा आरंभ इंग्लंडातील १९९२ च्या कॅडबरी समितीच्या अहवालापासून होतो. नंतर आपल्याकडील सेबीने नेमलेल्या कुमारमंगलम बिर्ला व नारायण मूर्ती ह्यांच्या समित्या येतात, आणि शेवटी २०१३ चा कंपनी कायदा. पुस्तके वाईट नाहीत. परंतु ज्यांचे पणजोबा परळ-लालबागच्या गिरण्यांत खातेवह्या लिहीत होते, त्या मुलांस हा विषय विलायतेहून आलेला वाटावा, ह्याचे आम्हांस नवल वाटले. त्या दिवशी त्यांस जे तोंडी सांगितले, तेच येथे जरा विस्ताराने मांडण्याचा विचार आहे.

संयुक्त भांडवलाची कंपनी ही चीज आपल्याकडे फार जुनी नाही. पेढी जुनी, भागीदारी जुनी. पण पेढीवर मालक स्वतः बसतो, आणि पेढी बुडाली तर त्याचे घरदारही जाते. १८५० च्या कायद्याने हिंदुस्थानात कंपन्यांची नोंदणी सुरू झाली व १८५७ च्या कायद्याने भागधारकांची जबाबदारी मर्यादित करण्याची सोय झाली. ह्याचा अर्थ असा की, मनुष्याने शेअरापुरते पैसे द्यावे, घरी स्वस्थ बसावे, आणि त्या पैशावर धंदा दुसऱ्याने करावा. ह्या सोयीवाचून मोठे कारखाने उभे राहिले नसते हे खरेच. परंतु त्याच दिवशी एक प्रश्नही जन्मास आला. पैसा एकाचा, हात दुसऱ्याचे. मग त्या हातांवर नजर कोणी ठेवावयाची? तेव्हापासून आजतागायत जे कायदे झाले, जे चौकशी आयोग बसले, ते सारे ह्या एकाच प्रश्नाभोवती फिरत आहेत.

मुंबईस ह्या प्रश्नाचा पहिला चटका बसला तो कापसाच्या तेजीत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि हिंदी कापसास सोन्याचा भाव आला. पैशाचा असा पूर लोटला की तो कोठे ठेवावा हे समजेना. रोज नवी कंपनी, नवी बँक निघू लागली. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. ह्या साऱ्या उलाढालीचे केंद्र होते शेअरदलाल प्रेमचंद रायचंद. ज्या बँक ऑफ बॉम्बेवर सरकारचेही संचालक बसत, तिच्या संचालक मंडळावर प्रेमचंद होते. १८६३ मध्ये त्या बँकेला शेअरांच्या तारणावर कर्जे देण्याची मोकळीक मिळाली होती. मग ज्या शेअरांची किंमत कर्जाने फुगत होती, त्याच शेअरांवर पुन्हा कर्जे देण्यात आली. संचालकांनी देखरेख ढिली सोडली. १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, आणि १ जुलै १८६५ ह्या वायद्याच्या दिवशी मुंबईतील निम्मी सावकारी उताणी पडली. बँक ऑफ बॉम्बे पुढे १८६८ मध्ये मोडीत काढावी लागली, व तिच्या कारभाराची सरकारी आयोगामार्फत चौकशी झाली.

आता ह्याच कथेची दुसरी बाजू. ऐन तेजीत, १८६४ मध्ये, प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख व मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. त्या मनोऱ्यास त्यांच्या मातोश्रींचे, राजाबाईंचे, नाव आहे. १८७८ मध्ये तो पुरा झाला. आपल्यापैकी कित्येकांनी त्याखालच्या ग्रंथालयात परीक्षेचा अभ्यास केला आहे. प्रेमचंद पळून गेले नाहीत, पुढे धंदा करून सावरले व अखेरपर्यंत दानशूर म्हणूनच राहिले. त्यांस आम्ही खलपुरुष ठरवीत नाही. परंतु विद्यार्थ्यांस आम्ही हे सांगितले की, मनोरा एका खात्यावर लिहावा आणि बँक दुसऱ्या खात्यावर. एका खात्याची जमा दुसऱ्या खात्याच्या नावेत वळती करण्याची सवय आपल्या समाजास फार आहे, आणि तिचा उगम बहुधा ह्या मनोऱ्यापेक्षाही जुना असावा.

तेजी ओसरली, पण कापडगिरण्या राहिल्या. कावसजी दावर ह्यांनी १८५४ मध्ये बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी स्थापिली व १८५६ मध्ये ताडदेवला तिची गिरणी चालू झाली. तिच्यामागून निघालेल्या गिरण्यांबरोबर जी कारभाराची रीत रूढ झाली, तिला मॅनेजिंग एजन्सी म्हणत. गिरणी कंपनीची, पण ती चालविण्याचा मक्ता एका पेढीकडे. हा करारनामा कंपनीच्या नियमावलीतच गोवलेला असे. तो तीस-चाळीस वर्षांचा, प्रसंगी एजंटाच्या हयातीचा असे, बापामागून मुलाकडे जाई, विकताही येई. संचालक मंडळ असे, नाही असे नाही. पण त्यावर एजंटाचे आप्त, मित्र व व्यापारातील सोबती बसत. भागधारकांनी वर्षातून एकदा जमावे, लाभांश ऐकावा व घरी जावे.

ह्या रीतीतील मर्म एजंटाच्या मेहनतान्यात आहे. कित्येक गिरण्यांत तो तयार सुतावर दर रतली पाव आणा असा ठरलेला असे. पाव आणा म्हणजे जुना एक पैसा. दिसावयास ही रक्कम क्षुल्लक आहे; म्हणून आम्ही त्या मुलांकडून तेथेच हिशेब करविला. रुपयाचे पैसे चौसष्ट. वर्षास चाळीस लाख रतल सूत काढणारी गिरणी धरली, तर एजंटाचे साडेबासष्ट हजार रुपये झाले. आता हे सूत नफ्यात विकले गेले की तोट्यात, की गुदामात पडून राहिले, ह्याचा त्या आकड्याशी संबंध नाही! चाते फिरले की एजंटाचा पैसा पडला. बाजार मंद असता शहाणा मालक यंत्रे थांबवील. एजंट ती थांबवीत नसे. शिवाय कापूस, कोळसा व यंत्रसामग्री ह्यांच्या खरेदीवरही पुष्कळ ठिकाणी निराळी अडत असे. भागधारकाच्या पदरी शून्य लाभांश आणि एजंटाच्या पदरी भरलेली थैली, असा देखावा त्या काळी विरळा नव्हता. कोणी कायदा मोडला नाही, कोणी चोरी केली नाही. करारच तसा होता, आणि भागधारकांनी तो वाचला नव्हता.

एजंटांच्या बाजूनेही चार शब्द लिहिणे न्यायाचे आहे. बँका धंद्यास दीर्घ मुदतीचे पैसे देत नसता ह्याच पेढ्यांच्या नावावर लोकांनी भाग घेतले, गिरण्यांत ठेवी ठेवल्या. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी मुंबई-अहमदाबादेस गिरणीत ठेव ठेवणे ही मध्यमवर्गाची सामान्य रीत होती. ठेव कंपनीत नसे, शेटजींच्या शब्दात असे. शब्द पाळणारे शेटजी पुष्कळ होते. पण जो पाळणार नाही त्यास रोखण्याचे साधन ठेवीदाराच्या हाती नव्हते.

ह्याच मुंबईत निराळ्या वाटेने जाणारा एक मनुष्य निघाला, आणि तो १८६५ च्या त्याच आपत्तीत होरपळलेला होता. जमशेटजी टाटा तेव्हा लंडनमध्ये आपल्या पेढीचे काम पाहत होते. हाती असलेले कागद कवडीमोल झाले, तेव्हा पंचविशीतील ह्या तरुणाने धनकोंपुढे सारे हिशेब मांडले, व धनकोंनी पेढी आवरण्याचे काम त्यांच्याचकडे सोपविले. पुढे १ जानेवारी १८७७ रोजी त्यांची नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली. तेथे १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड झाला, १८९५ मध्ये अपघात-भरपाईची योजना आली, १९०१ मध्ये भविष्यनिर्वाह निधी आला. सरकारचा कामगार-नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा आणि भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ चा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या तारखांचे मोल कळते. कुर्ल्याची गिरणी विकत घेऊन १८८६ मध्ये त्यांनी स्वदेशी मिल काढली, त्या वेळी रतली पाव आण्याची पद्धत सोडून एजंटाचा मेहनताना नफ्याशी बांधून घेतला. आमच्या मते ही गोष्ट पेन्शन फंडाइतकीच महत्त्वाची आहे, कारण येथे दान नाही. येथे स्वतःच्या हातास स्वतः घातलेली दोरी आहे. पाठ्यपुस्तकांत पेन्शन फंडाचा उल्लेख हटकून सापडतो, ह्या दोरीचा क्वचित.

परंतु सर्वच मालकांस असे सुचत नव्हते, आणि कामगारांनीही ते सुचण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नव्हते. सोराबजी शापूरजी बंगाली ह्यांच्या खटपटीनंतर १८८१ मध्ये जो पहिला कारखाना-कायदा झाला, त्याने सात वर्षांखालील मुलांस कामावर घेण्याची मनाई केली. सात वर्षांखालील! ह्या एका अंकावरून तेव्हाच्या गिरणीची कल्पना करावी. मोठ्या माणसांस मात्र त्याने साप्ताहिक सुटीही दिली नाही. ती मिळविली महात्मा फुल्यांचे सहकारी व दीनबंधूचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी. १८९० च्या एप्रिलमध्ये त्यांनी मुंबईत गिरणीकामगारांची प्रचंड सभा भरविली, आणि जूनमध्ये गिरणीमालक संघाने रविवारची सुटी मान्य केली. आज आपण आपली वार्षिक सभा रविवारी भरवितो. हा रविवार आपल्यास कोणी देणगी म्हणून दिलेला नाही, हे मुलांनी टिपून ठेवावे.

पैशावरून एक आठवण झाली म्हणून सांगतो. एजंटाच्या त्या रतली पैशाच्याच काळात अंताजी दामोदर काळे नावाचा एक गृहस्थ दारोदार एक-एक पैसा मागत महाराष्ट्रभर हिंडत होता. लोकमान्यांचा त्यास पाठिंबा होता. त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावास काचेचा कारखाना निघाला, आणि तेथे शिकून गेलेल्या माणसांनी देशात ठिकठिकाणी काचकाम नेले. ज्यांनी पैसा दिला त्यांस लाभांश नव्हता. तरी तो पैसा त्यांस आपला वाटत असे. असो, मूळ विषयाकडे वळू.

मॅनेजिंग एजन्सीस पहिला लगाम १९३६ च्या दुरुस्तीने बसला. एजन्सीची मुदत वीस वर्षांवर आणली गेली आणि मेहनताना निव्वळ नफ्याच्या प्रमाणात असावा, असे ठरले. म्हणजे जमशेटजींनी आपखुशीने केलेली गोष्ट कायद्याने होण्यास पन्नास वर्षे लागली. स्वातंत्र्यानंतर भाभा समितीच्या अहवालावरून १९५६ चा विस्तृत कायदा झाला व एका एजंटाकडे किती कंपन्या असाव्या ह्यासही मर्यादा पडली. अखेर ३ एप्रिल १९७० पासून ही संस्थाच रद्द झाली. आमच्या लहानपणी घरातील वडीलधारी मंडळी गिरणीचे नाव न घेता अमक्या शेटजींची गिरणी म्हणत. ती बोली मात्र कायद्याने गेली नाही.

एजंट गेले म्हणून प्रश्न गेला काय? १९५६ मध्ये विमा कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. पुढल्याच वर्षी ह्या महामंडळाने हरिदास मुंदडा ह्यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोट रुपयांचे शेअर घेतले. कंपन्या डबघाईस आलेल्या होत्या. पैसा कोणाचा? हप्ते भरणाऱ्या कारकुनांचा, शिक्षकांचा, आपल्या घराघरांतील विमेदारांचा. फिरोज गांधींनी लोकसभेत हा प्रश्न उपस्थित केला, व न्यायमूर्ती छागला ह्यांनी मुंबईत उघड चौकशी केली. ती ऐकावयास इतकी गर्दी लोटली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी ह्यांनी राजीनामा दिला. खाजगी शेटजी असो की सरकारी महामंडळ असो, दुसऱ्याच्या पैशाचा कारभार बंद दाराआड झाला म्हणजे फळ एकच येते, हे त्या वेळी प्रथम लख्ख दिसले.

पुढे १९६५ मध्ये दिल्लीस जयप्रकाश नारायण ह्यांच्या पुढाकाराने धंद्याच्या सामाजिक जबाबदारीवर परिसंवाद झाला. उद्योगपतीने ग्राहक, कामगार, भागधारक व समाज ह्या सर्वांचे देणे मानावे, अशी तेथील विचारसरणी होती. गांधीजींच्या विश्वस्त-कल्पनेचाच तो विस्तार होय. पण त्याचे पुढे फारसे काही झाले नाही, म्हणून आम्हीही त्यावर फार लिहीत नाही.

आता अगदी अलीकडचे, मुलांस ठाऊक असलेले उदाहरण. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू ह्यांनी ७ जानेवारी २००९ रोजी पत्र लिहून कबूल केले की, कंपनीच्या ताळेबंदातील हजारो कोटी रुपये मुळात नव्हतेच. आदल्या सप्टेंबरातच ह्या कंपनीस उत्तम कारभाराबद्दल सुवर्णमयूर पुरस्कार मिळाला होता. संचालक मंडळावर नामांकित विद्वान होते. आणि आणीबाणीच्या वेळी १०८ क्रमांकावर धावून येणारी रुग्णवाहिका-सेवा २००५ मध्ये सुरू करणारे हेच राजू. त्या गाड्यांनी किती जीव वाचविले असतील! पुन्हा तोच मनोरा आणि तीच बँक. फरक एवढाच की, डिसेंबर २००८ मध्ये राजूंच्या कुटुंबाच्या दोन कंपन्या सत्यमच्या पैशाने विकत घेण्याचा ठराव संचालकांनी निमूटपणे मंजूर केला असता भागधारकांनी ओरड केली आणि काही तासांतच तो मागे घ्यावा लागला. विद्वानांनी विचारला नाही तो प्रश्न पैसे गुंतलेल्यांनी विचारला.

ह्या अनुभवानंतर २०१३ चा कायदा झाला. सूचिबद्ध कंपनीत किमान एकतृतीयांश स्वतंत्र संचालक, ठराविक वर्षांनी हिशेबतपासनीसाची बदली, भागधारकांस एकत्र येऊन दाद मागण्याचा हक्क अशा तरतुदी त्यात आहेत. परंतु वर्तमानपत्रांत गाजले ते १३५ वे कलम. पाचशे कोटींची नक्त मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल वा पाच कोटींचा निव्वळ नफा ह्यांपैकी एक कसोटी लागू पडणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास खर्चावे, असे ते कलम सांगते. १ एप्रिल २०१४ पासून ते अमलात आहे. शाळा, दवाखाने, पाणीयोजना ह्यांस त्यातून पैसा मिळतो, हे चांगलेच आहे. आमची तक्रार इतकीच की, सामाजिक जबाबदारी म्हणजे हे दोन टक्के, अशी समजूत मुलांच्या उत्तरपत्रिकांतही शिरली आहे. उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे मिळविले, हा प्रश्न मग परीक्षेत कोणी विचारीत नाही.

इतका इतिहास सांगून झाल्यावर त्यांतील एका मुलीने विचारले, "काका, आपल्या संस्थेत असे कधी झाले नाही ना?" ह्याचे उत्तर आम्ही तिला दिले, आणि ते येथेही देणे आम्हांस भाग आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी, आम्ही संस्थेचे चिटणीस असताना, विद्यार्थी साहाय्यक निधीची मोठी रक्कम एका पतपेढीत ठेवलेली होती. पतपेढी आपल्याच मंडळींनी चालविलेली. तिच्या अध्यक्षांनी आपल्या वसतिगृहाच्या इमारतीस सर्वांत मोठी देणगी दिली होती, आणि त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार योजला होता. जमाखर्च 'वाचलेला समजावा' असे म्हणून पुढे सरकत असता मागच्या ओळीतील एक भगिनी उठून उभ्या राहिल्या. त्या वैधव्यात दोन मुले वाढवीत होत्या, व यजमानांच्या भविष्यनिर्वाह निधीचे पैसे त्यांनी ह्याच पतपेढीत ठेवले होते. त्यांनी विचारले, "निधीची ठेव तेथे कोणत्या ठरावाने ठेवली? आणि पतपेढीने कर्जे कोणाकोणास दिली आहेत, हे आपण पाहिले आहे काय?" सभागृहात कुजबुज झाली. व्यासपीठावरून त्यांस सांगण्यात आले, "ताई, आज मंगल प्रसंग आहे, हा विषय पुन्हा घेऊ." त्या खाली बसल्या. सत्कार झाला, टाळ्या झाल्या.

दोन वर्षांत पतपेढीचे दार बंद झाले. कर्जांचा मोठा भाग अध्यक्षांच्याच आप्तांच्या धंद्यांत अडकला होता. बँकेतील ठेवींना विम्याचे संरक्षण असते, २०२० पासून ते पाच लाखांपर्यंत आहे; पतपेढीतील ठेवींना ते नाही, हे तेव्हा आपल्यापैकी कित्येकांस प्रथमच समजले. सलग दोन वर्षे संस्थेस शिष्यवृत्त्या देता आल्या नाहीत. त्या भगिनींच्या मुलानेही त्या वर्षी अर्ज केला होता.

वसतिगृहावरील संगमरवरी पाटी आम्ही काढलेली नाही. इमारत खरी आहे, तेथे आजही मुले राहतात. त्या तीन विद्यार्थ्यांनी त्या सभेचे इतिवृत्त पाहण्याची इच्छा दर्शविली, म्हणून कपाटातून जुनी वही काढून दिली. सत्काराचे वर्णन तीत दीड पान आहे. त्या भगिनींच्या प्रश्नाची नोंद नाही. इतिवृत्त आमच्याच हस्ताक्षरात आहे.

संस्थेचा ह्या वर्षीचा जमाखर्च प्रस्तुत अंकाच्या अखेरीस छापला असून विद्यार्थी निधी कोणत्या बँकेत, किती मुदतीने व कोणत्या ठरावान्वये ठेवला आहे, ह्याचा तपशील त्यात दिला आहे. मूळ वह्या सभेपूर्वी आठ दिवस संध्याकाळी कार्यालयात पाहावयास मिळतील. सभेत हिशेबाचे वाचन सत्कारापूर्वी होईल, आणि ते पूर्ण होईल. ते तिघे विद्यार्थी वाचणार आहेत.